चिकाचं झाड

जिंतूरहून जालन्याच्या रस्त्याला लागलं की वाटेत चारठाणा येतं. गाव जुनं. गोकुळेश्वराचं मंदिर, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी बारव, उंच कोरीव स्तंभ. यादवकाळातली ही कारागिरी पाहायला जाणकार लांबून येतात आणि दगडाकडे बघत बघत फिरतात. मी सांगणार आहे ती गोष्ट दगडाची नाही. मराठवाड्यातल्या अशा कुठल्याही गावात घरामागे, न्हाणीच्या पाण्यावर, कुणी न लावता उगवलेलं एक झाड असतं, त्याची आहे. सरळसोट बुंधा, डोक्यावर छत्रीसारखी पानं आणि गळ्याशी लगडलेली हिरवी फळं. पपई. म्हातारी माणसं अजून पोपई म्हणतात.

बारवेचे चिरे घडवणाऱ्या पाथरवटाने आंबा खाल्ला असेल, बोरं-जांभळं खाल्ली असतील, केळ तर नक्कीच. पपई मात्र त्याच्या जिभेला कधी लागली नाही. तेराव्या शतकात ती भारतात नव्हतीच. दक्षिण मेक्सिको आणि त्याखालचा मध्य अमेरिकेचा पट्टा हे तिचं माहेर. चारठाण्याच्या एखाद्या खांबावर उद्या खरोखरीची पपई कोरलेली सापडली, तर इतिहासाची बरीच पुस्तकं पुन्हा छापावी लागतील.

ती आली कशी, याची एक बऱ्यापैकी जुनी साक्ष गोव्याशी जोडलेली आहे. यान हाउखेन फान लिन्सखोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपांचा चिटणीस म्हणून आला आणि पाचेक वर्षं राहिला. त्याचा प्रवासवृत्तांत १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पपईची नोंद आहे. स्पॅनिश लोकांच्या मुलखातून फिलिपीन्सला, तिथून मलाक्क्याला आणि मलाक्क्याहून हिंदुस्थानात, असा तिचा मार्ग तो सांगतो. म्हणजे पपई अटलांटिक ओलांडून पश्चिमेकडून आली नाही. पॅसिफिक ओलांडून, पूर्वेच्या दाराने घरात शिरली. फळ मुठीएवढं, खरबुजासारखं, असं तो लिहितो. आणखी एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली नाही: या झाडांत नर-मादी असतात, आणि दोघांना एकमेकांपासून लांब लावलं तर फळ धरत नाही. वनस्पतींनाही लिंग असतं हे युरोपातल्या पंडितांना नीट पटायला अजून शंभर वर्षं जायची होती. पण गोव्यात परसात झाड लावणाऱ्याला ते कळून चुकलं होतं.

एवढ्या लांबून आलेलं फळ इतक्या लवकर खेडोपाडी पोचलं ते बियांमुळे. आंब्याची कोय चार आठवडे नुसती पडली तर मरते. पपईच्या एका फळात शेकड्यांनी बिया. त्यांच्यावरचं बुळबुळीत आवरण राखेत चोळून काढायचं, सावलीत वाळवायचं, पुडी बांधायची. महिनोन् महिने टिकतात. ते आवरण तसंच राहू दिलं तर मात्र बी रुजायला कुरकुरतं. राखेत चोळायची रीत शेतकऱ्याला पुस्तकाने शिकवलेली नाही.

नवं झाड आलं की माणूस त्यात ओळखीचा चेहरा शोधतो. आपल्याकडच्या लोकांना पपईच्या पानात एरंड दिसला, म्हणून संस्कृतात तिला एरंडकर्कटी हे नाव पडलं. एरंडाच्या पानाची काकडी. स्वीडनच्या लिनियसला त्याच पानात अंजीर दिसलं आणि अंजिराच्या लॅटिन नावावरून त्याने १७५३ मध्ये तिचं नाव ठेवलं ‘कॅरिका’. खरं तर ती एरंडाचीही कुणी नाही आणि अंजिराचीही नाही. तिचं गोत्र लागतं मोहरी, मुळा, हळीव, शेवगा यांच्याशी. पटत नसेल तर पपईची एक ओली बी दाताखाली चावून पाहा. नाकात झणकन जो ठसका जाईल, तो मोहरीचा आहे.

आता नर-मादीचं. परसात आपोआप उगवलेल्या पपईला फुलं येईपर्यंत ती कोण आहे हे सांगता येत नाही. चार-सहा महिने पाणी घालावं आणि लांब लोंबत्या देठांवर पांढऱ्या फुलांचे झुबके दिसावेत: नर निघाला! म्हणून वॉशिंग्टनसारखा जुना वाण लावायचा तर एका खड्ड्यात तीन-चार रोपं लावायची, फुलं आली की नर उपटायचे आणि दहा माद्यांमागे एखादा राखायचा. तिसरा प्रकार उभयलिंगी झाडांचा. एकाच फुलात दोन्ही. त्याचं फळ लांबट, गराला जाड. मादीचं फळ गोल आणि आतून जास्त पोकळ. बाजारात लांबट फळाला मागणी. मग सगळी झाडं उभयलिंगीच का नकोत? पपईत एक अडचण आहे. माणसासारखीच तिथेही एक्स आणि वाय गुणसूत्रं असतात, आणि उभयलिंगी झाडात वायचाच एक बदललेला अवतार असतो. दोन्हीकडून वाय आला तर बीमधला गर्भ जगतच नाही. त्यामुळे उभयलिंगी झाडाचं स्वतःच्याच परागाने धरलेलं बी पेरलं, तरी तीन रोपांत एक मादी निघणारच. १९३८ च्या सुमारास स्टोरी आणि हॉफमायर या दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे हा हिशेब मांडला. बियाण्याची पुडी कितीही महाग घेतली तरी यातून सुटका नाही. फक्त तैवानच्या रेड लेडीसारख्या वाणात नर निघत नाहीत, एवढा शेतकऱ्याचा फायदा.

गावात उपाय वेगळा. नर झाडाच्या बुंध्यात खिळा ठोकायचा, म्हणजे ते फळ धरतं. याची साक्ष देणारी माणसं मी पाहिली आहेत आणि ती खोटं बोलत नव्हती. काही नर झाडं तापमान बदललं की आपणहून वळतात आणि लांब देठाला बारकी फळं लोंबू लागतात. खिळा ठोकूनही जी झाडं वळली नाहीत ती चुलीमागे गेली, त्यांची गोष्ट कोण सांगणार? चुलीतही ती फारशी उपयोगाची नाहीत म्हणा. पपईला लाकूड असं नसतंच. बुंधा आतून पोकळ. झाड म्हणायची सवय आहे म्हणून म्हणायचं.

पण मला या प्रकरणात खरं लिहायचं आहे ते चिकाबद्दल. आपण कच्ची पपई सोलताना बोटांना लागतो म्हणून ज्याला वैतागतो, त्या चिकाबद्दल. पपईचे म्हणून जेवढे उपयोग सांगितले जातात, त्यांतले बहुतेक त्या चिकापाशी येऊन थांबतात.

पूर्ण हिरव्या, दगडासारख्या टणक पपईवर नखाने एक रेघ ओढा. क्षणात रेघेवर पांढरे टपोरे थेंब उभे राहतात, एकमेकांत मिसळतात आणि खाली ओघळतात. दोन-चार मिनिटांत त्यांचा दही विरजल्यासारखा गोळा होतो. झाडाने हे दूध कुणासाठी ठेवलेलं असतं? फळासाठी नाही, पिल्लासाठी नाही. हे शस्त्र आहे. पानात, देठात, कच्च्या फळाच्या सालीत बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि त्यात चीक दाबाने भरलेला असतो. अळीने पान कुरतडलं की नळी फुटते आणि चीक थेट तिच्या तोंडात. त्यात पपेन नावाचं विकर असतं. त्याचं काम एकच, प्रथिनं तोडणं. आणि अळी म्हणजे मुख्यतः प्रथिनंच.

जपानी संशोधकांनी २००४ मध्ये याची छान परीक्षा घेतली. त्यांनी घेतली एरी रेशमाची अळी, म्हणजे एरंडाच्या पानावर पोसणारी. आपल्या पूर्वजांना पपईच्या पानात एरंड दिसला. अळीला मात्र ते पान मानवलं नाही, ती मेली. मग त्यांनी पानं बारीक चिरून, चीक धुऊन काढून तीच पानं अळ्यांना दिली. अळ्या मजेत खाऊ लागल्या. दुसऱ्या खेपेला चीक तसाच ठेवून फक्त पपेन निकामी करणारं द्रव्य पानांना लावलं. तरीही अळ्या जगल्या. म्हणजे झाडाचा पहारेकरी कोण, हे ठरलं. फळ पिकत जातं तसा चीक आटत जातो. आतलं बी तयार झालं की ते खाऊन लांब नेऊन टाकणारा पाहुणा झाडाला हवाच असतो. मग पहारा उठतो आणि साल पिवळी होते.

माणसाने हे शस्त्र स्वयंपाकघरात आणलं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या राजवटीने मागे ठेवलेल्या गोष्टींत परभणी-जिंतूरच्या लग्नघरांतली कच्च्या गोश्तची बिर्याणीही धरायला हवी. या बिर्याणीत मटण आधी शिजवून घेत नाहीत. दही, आलं-लसूण आणि वाटलेली कच्ची पपई लावून ते मुरत ठेवतात, वर अर्धाकच्चा भात पसरतात, कणकेने झाकण बंद करतात आणि दम देतात. कच्चं मटण आणि भात एकाच वेळी कसं शिजतं, याचं उत्तर बरंचसं पपईत आहे. गंमत अशी की मुरवताना पपेन तसं संथ चालतं. त्याचा खरा झपाटा ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास. दमाची आच मंद असते, भांडं त्या टप्प्यातून हळूहळू जातं, आणि तेवढ्या वेळात पपेन मांसाचे धागे सैल करून टाकतं. आणखी तापलं की ते स्वतःच निकामी होतं. पपईचा अंदाज चुकला तर मात्र मटणाचं पीठ होतं. अनुभवी बावर्ची वाटणाचा चमचा हात राखून का घालतो, ते यावरून कळावं.

घरात याच विकराचा एक छोटा उपद्रवही दिसतो. पपईचं मिल्कशेक केल्या केल्या प्यायलं तर गोड. तासभर ठेवलं की कडवटतं. पिकल्या फळात उरलेलंसुरलेलं पपेन दुधातली प्रथिनं तोडतं आणि त्या तुकड्यांना कडू चव असते. दूध नासकं होतं असं समजून दूधवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही.

प्रयोगशाळेत हीच कात्री वेगळ्या कापडावर चालली. पपेन हे नाव १८७९ मध्ये फ्रान्समध्ये वुर्ट्झ आणि बुशू यांनी दिलं. १९५९ मध्ये इंग्लंडात रॉडनी पोर्टर यांना रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंना पकडणारी मोठाली प्रथिनं, आतून कशी असतात ते पाहायचं होतं. त्यांनी त्यांवर पपेन सोडलं. अंदाधुंद भुगा झाला नाही. नीट तीन तुकडे पडले. दोन तुकडे पकडण्याचं काम करणारे, तिसरा मागचा दांडा. प्रतिपिंडाची इंग्रजी वाय अक्षरासारखी आकृती आज शाळेच्या पुस्तकात असते. तिचा उलगडा इथून सुरू झाला. पोर्टर यांना १९७२ चं नोबेल जेराल्ड एडेलमन यांच्याबरोबर मिळालं. त्याच वर्षी परभणीला कृषी विद्यापीठ सुरू झालं आणि त्याच वर्षी महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. या तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मला ते साल तसंच लक्षात राहिलं आहे.

चिकातलंच दुसरं विकर, कायमोपपेन, एकेकाळी थेट माणसाच्या पाठीच्या कण्यात टोचलं जायचं. मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली की ती गादी विरघळवायला. अमेरिकेत त्याला १९८२ मध्ये परवानगी मिळाली, पण काही रुग्णांना जिवावर बेतणारी ॲलर्जी झाली आणि पुढे ते औषध बंद पडलं. चीक हे शस्त्र आहे याचा विसर पडला की असं होतं. ज्यांनी हिरव्या पपयांच्या राशी सोलल्या आहेत त्यांच्या बोटांची सालं निघालेली पाहा, म्हणजे वेगळा पुरावा लागणार नाही.

गरोदर बाईला पपई द्यायची नाही, हा घरोघरचा दंडकही चिकापाशीच येतो. सिंगापुरात उंदरांवर झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावलेले दिसले; पिकल्या फळाच्या रसाने तसं झालं नाही. म्हणजे आजीबाईंचा धाक अगदीच हवेतला नव्हता, फक्त पिकलं फळ त्यात विनाकारण सापडलं. तरी उंदरांवरचा निष्कर्ष तो, माणसाचा शब्द डॉक्टरांचा. डेंग्यूच्या साथीत पपईच्या पानांचा रस काढून पिण्याची जी लाट येते, तिच्याबद्दल मी जास्त सावध आहे. पानातल्या अर्काने प्लेटलेट वाढतात असं सांगणाऱ्या काही चाचण्या झाल्या आहेत, पण त्या लहान आहेत. आणि डेंग्यूत धोक्याचे दिवस सरले की प्लेटलेट आपोआपही वाढतात. पाला ओरबाडून झाडं बोडकी करण्यापेक्षा रुग्णाच्या पोटात पाणी जातंय का आणि तो वेळेवर दवाखान्यात पोचतोय का, हे बघणं महत्त्वाचं.

चीक विकायचा तर त्याची शेती करावी लागते. अडीच-तीन महिन्यांच्या हिरव्या फळावर भल्या सकाळी, हवेत गारवा आणि ओल असताना, तीन-चार उभ्या रेघा ओढतात. खोली दोन-तीन मिलिमीटरच, गराला लागू द्यायची नाही. खाली ॲल्युमिनियमचं ताट. लोखंड चालत नाही, चीक काळवंडतो. काही दिवसांच्या अंतराने त्याच फळावर पुन्हा, नव्या जागी. मग चाळून, मंद उष्णतेवर वाळवून त्याची भुकटी होते आणि ती बिअर निवळ ठेवण्यापासून पचनाच्या औषधापर्यंत कुठेकुठे जाते. कोइम्बतूरच्या कृषी विद्यापीठाने सीओ-२, सीओ-५ यांसारखे वाण यासाठीच नावाजले.

रेघा मारलेलं फळ दिसायला ओरबाडलेलं. बाजारात त्याला कोण विचारणार? ते जातं टुटीफ्रुटीच्या कारखान्यात. बेकरीच्या पावात, पानाच्या विड्यात, आइस्क्रीमवर जे लाल-हिरवे-पिवळे चौकोनी मणी असतात, ती कच्ची पपई. सोलून, तुकडे करून, उकळून, रंग घालून साखरेच्या पाकात मुरवलेली. स्वतःची अशी चव नसणं हा इथे तिचा गुण ठरला. पपईला नाक मुरडणारी कितीतरी मुलं केकमधली टुटीफ्रुटी वेचून आधी खातात. घरात सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

बियांचा एक उपयोग मात्र चोरांनी शोधलेला. वाळलेली पपईची बी आकाराने, रंगाने मिऱ्याच्या जवळ जाते, म्हणून ती मिऱ्यांत मिसळली जाते. संशय आला तर वाटीभर पाण्यात मिरे टाका. भरदार मिरे तळाला बसतात, पपईच्या बिया तरंगतात. पोचट मिरेही तरंगतात, म्हणून वर आलेले दाणे तळहातावर घेऊन पाहा: मिरं गोल आणि सुरकुतलेलं, पपईची बी लांबट.

जगात सर्वाधिक पपई भारतात पिकते. महाराष्ट्रात मोठ्या बागा पाहायच्या तर नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याकडे जावं. तिथून कागदात गुंडाळलेली फळं ट्रकच्या ट्रक भरून उत्तरेला जातात, आणि हंगामात भावावरून शेतकरी-व्यापाऱ्यांची ओढाताण ठरलेली. मराठवाड्यातही ठिबक आलं तशा बागा वाढल्या. सहा फुटांवर रोप धरलं तर हेक्टरी तीन हजारांच्या आसपास झाडं बसतात. नऊ-दहा महिन्यांत पहिला तोडा. पण परभणीची काळी जमीन तिला जपूनच मानवते. पावसाळ्यात दोन दिवस बुंध्याशी पाणी साचलं की मूळ आणि बुंधा सडतो, आणि काल उभं असलेलं झाड आज आडवं. म्हणून गादीवाफा हवा. थंडीत इथला पारा कधीकधी पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हा झाड मान आखडून बसतं. उन्हाळ्यात चाळिशी पार झाली की उभयलिंगी फुलं नराकडे झुकतात आणि फळं धरत नाहीत.

तरी यापैकी कशानेही बाग संपत नाही. संपते ती विषाणूने. मुंबई प्रांतात पपईवर पडणाऱ्या केवड्यासारख्या रोगाची नोंद कपूर आणि वर्मा यांनी १९४८ मध्येच केली होती. आज रिंगस्पॉट म्हणून जो ओळखला जातो त्यात पानं बारीक, चिंध्यांसारखी होतात आणि फळावर तेलकट गोल वळी उमटतात. तो पसरवतो मावा. इथे चिकाचं शस्त्र कामी येत नाही, आणि का येत नाही ते पाहण्यासारखं आहे. मावा पपईवर बिऱ्हाड करत नाही. उडता उडता बसतो, सोंड टोचून चव बघतो, नावडली की पुढच्या झाडावर. पान कुरतडलं तर चीक उसळणार. याचं काम सुईच्या टोकाएवढं. त्या एका टोचणीत विषाणू आत जातो. हवाई बेटांवरच्या बागा या रोगाने बसल्या तेव्हा डेनिस गोन्साल्विस आणि सहकाऱ्यांनी विषाणूचाच एक जनुक पपईत घालून रोग न पडणारा वाण बनवला. १९९८ मध्ये तो शेतकऱ्यांच्या हाती आला. आपल्याकडे तसा वाण शेतात नाही. बागेभोवती मका-ज्वारीच्या दाट ओळी लावायच्या, म्हणजे मावा सोंड तिथे पुसून येतो, आणि रोगट झाड दिसताच उपटायचं, हेच हाती आहे. दुसरा पाहुणा पिठ्या ढेकूण, २००८ मध्ये कोइम्बतूरला दिसला. तोही मूळचा मेक्सिकोचा, पपईच्या माहेरचाच. त्याच्यावर जगणारी डोळ्यांना जेमतेम दिसणारी एक गांधीलमाशी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणून सोडली आणि त्याचा जोर ओसरला.

परसातल्या एकट्या झाडाला यातलं फारसं काही माहीत नसतं. दोन-तीन वर्षं फळं देतं, मग शेंडा बारीक होत जातो, फळं हाताला येणार नाहीत इतकी उंच जातात आणि एका वादळात ते मोडून पडतं. पडलं की पोरं आधी पानांवर झडप घालतात. पपईचा देठ हातभर लांब आणि आतून पोकळ. दोन्ही टोकं तिरपी कापली, साबणाच्या पाण्यात बुडवून फुंकली की मोठाले फुगे निघतात. फक्त ताज्या कापलेल्या टोकाला पांढरा थेंब आलेला असतो, आणि घाईत कुणीतरी तेच टोक ओठाला लावतं.